नृत्यशाळेतला दीप आणि मोटारीची काच

कठोपनिषदातील रथाचे रूपक मराठी माणसाच्या कानांवर कीर्तना-प्रवचनांतून इतक्या वेळा पडलेले असते की ते त्याला जवळजवळ पाठच असते: शरीर हा रथ, बुद्धी हा सारथी, मन हा लगाम, इंद्रिये हे घोडे आणि विषय हे त्या घोड्यांचे मार्ग. एवढ्या साऱ्या नेमणुका करून झाल्यावर रथात बसलेल्या धन्याला मात्र उपनिषद कोणतीही कामगिरी सांगत नाही. इंद्रिये आणि मन यांच्याशी जोडला गेलेला तो आत्मा भोक्ता होय, एवढेच म्हणून ते पुढे जाते. मुंडकोपनिषदात एकाच वृक्षावर बसलेले जे दोन पक्षी आहेत, त्यांतील एक फळ खातो आणि दुसरा न खाता नुसता पाहत राहतो. वेदान्तातील साक्षीची कल्पना ज्यांना समजून घ्यावयाची असते ते ह्या दुसऱ्या पक्ष्यापाशी येऊन थांबतात. आता जो मनुष्य काही विकत घेत नाही, कशाला स्पर्श करीत नाही, परक्या माणसाशी शब्दही बोलत नाही, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका झगमगत्या नगरातून मोटारीने फिरत नुसता पाहत राहतो, त्याची गणना ह्या दोघांपैकी कोणात करावयाची? खाणाऱ्यात की पाहणाऱ्यात?

हा प्रश्न लॉस एंजेलिसमध्ये पडावा, हे स्वाभाविक आहे. १७८१ साली ४४ वसाहतकारांनी देवदूतांच्या राणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, नावाने वसवलेले हे खेडे विसाव्या शतकात मोटारीच्या मापाने वाढले, आणि इतके पसरले की त्याची प्रेक्षणीय स्थळे पायी चालून पाहणे हा विचारही आज कोणी करीत नाही. आम्ही वाटाड्या घेतला नव्हता. माझा पुतण्या मोटार चालवीत होता आणि मी त्याच्या शेजारी मांडीवर नकाशा पसरून बसलो होतो. आरंभ साउथ पासाडेनातील मॉन्टेरी रस्त्यावरच्या त्या जुन्या लाकडी घरापासून करावा, हा आग्रह माझा होता, कारण १९०० सालच्या आरंभी स्वामी विवेकानंद मीड भगिनींचे पाहुणे म्हणून काही आठवडे तिथे राहिले होते आणि पासाडेनातील शेक्सपियर क्लबात त्यांनी व्याख्याने दिली होती. तेथून १९४० साली खुला झालेला अरॉयो सेको पार्कवे हा त्या मुलखातला जुना द्रुतमार्ग धरला की मोटार थेट शहराच्या मध्यभागी येते.

मोटारीत तासभर बसले की माणसाच्या चित्ताची एक विशिष्ट अवस्था होते, आणि ती अवस्था फसवी असल्यामुळेच तिचा विचार करणे अगत्याचे आहे. काचेपलीकडून ताडांची रांग, पाट्या, माणसे, पूल, पुन्हा ताड असे सारे काही येते आणि जाते. कशाचीही मालकी नाही, कशाचा शोक नाही, आवाज काचेने अडवलेला, ऊन काचेने गाळलेले. आणि अशा वेळी आपल्या परंपरेत वाढलेल्या माणसाला सहज वाटू लागते की आपण ह्या दृश्याचे द्रष्टे आहोत, दृश्य बदलत आहे आणि आपण बदलत नाही, हीच ती साक्षिवृत्ती, जिच्यासाठी लोक वर्षानुवर्षे एकांतात बसतात. दृक् आणि दृश्य यांचा विवेक करावा, असे आचार्य सांगतात. इथे तर तो विवेक मोटारीच्या कारखान्यातूनच तयार होऊन आला आहे असे वाटते.

ग्रिफिथ वेधशाळेत ह्या समजुतीला पहिला धक्का बसतो. ग्रिफिथ ग्रिफिथ नावाच्या धनिकाने १८९६ साली सुमारे ३००० एकर जमीन नगराला दान दिली. पुढे आपल्या पत्नीवर गोळी झाडल्याबद्दल त्याने कारावास भोगला, आणि त्याच्या मृत्यूनंतर, १९३५ साली, त्याच्याच मृत्युपत्रातील तरतुदीतून ही वेधशाळा उघडली. तिच्या घुमटाखाली फूकोचा लंबक आहे: २४० पौंडांचा पितळी गोळा लांब तारेला टांगून झुलत असतो, भोवती वर्तुळात उभ्या केलेल्या खुंट्यांपैकी एकेक खुंटी काही काळाने पाडतो, आणि कठड्याला टेकलेली मुले ती पडली की टाळ्या वाजवतात. डोळ्यांना दिसते ते असे की लंबक हळूहळू आपली दिशा बदलतो आहे. प्रत्यक्षात लंबकाच्या झोक्याची दिशा कायम असते. वळत असते ती जमीन, तिच्याबरोबर कठडा, आणि कठड्याला टेकून पाहणारा मनुष्य. आपण स्थिर आणि दृश्य चंचल, ही साक्ष डोळे देतात; आणि ती खोटी ठरवण्यासाठी एक गोळा आणि थोडा वेळ पुरतो.

परंतु खरा विचार करावयाचा तो हॉलिवुड बुलेवारवर, ग्रॉमनच्या चायनीज थिएटरच्या अंगणात. हे चित्रपटगृह १९२७ साली उघडले, आणि त्याच वर्षापासून नटनट्यांचे हातापायांचे ठसे ओल्या सिमेंटमध्ये उमटवून घेण्याचा प्रघात तिथे पडला. १९५३ साली मेरिलिन मन्रो आणि जेन रसेल यांनी शेजारीशेजारी उमटवलेल्या ठशांपाशी एक प्रौढ बाई आली, पिशवी बाजूला ठेवली, गुडघे टेकले, आणि आपला उजवा पंजा मन्रोच्या पंजात बसतो का ते पाहू लागली. बोटे थोडी जाड होती. ती तिने खाचेत दाबून बसवली. तिचा चेहरा त्या वेळी इतका गंभीर होता की मला पंढरपूरची पदस्पर्शाची रांग आठवली, आणि ती आठवण मी मुद्दाम झटकली नाही. त्या बाईला नुसते पाहावयाचे नव्हते. जिला लाखो डोळ्यांनी पाहिले, तिच्या मापात क्षणभर स्वतः बसून पाहावयाचे होते.

इथे मला चौदाव्या शतकातील विद्यारण्यस्वामींच्या ‘पंचदशी’चे दहावे प्रकरण आठवते. त्याचे नाव नाटकदीप. नृत्यशाळेत एक दिवा तेवत आहे; तो धन्याला, सभासदांना आणि नर्तकीला सारखाच प्रकाश देतो, आणि सारे उठून गेले तरी तेवतच राहतो. हे चित्र काढून झाल्यावर विद्यारण्य पात्रांची जी वाटणी करतात ती मोठी विलक्षण आहे. धनी म्हणजे अहंकार, नर्तकी म्हणजे बुद्धी, ताल धरणारे वाजंत्री म्हणजे इंद्रिये, आणि सभेत बसलेले प्रेक्षक म्हणजे विषय. आपण समजतो की स्थळे समोर मांडलेली आहेत आणि आपण प्रेक्षक आहोत. विद्यारण्य सांगतात की स्थळे प्रेक्षकांत बसली आहेत, नाचते आहे ती तुमचीच बुद्धी, आणि हा जलसा ज्याच्या खर्चाने, ज्याच्या मानमरातबासाठी भरवला आहे तो धनीही तुमचाच अहंकार. ठशात पंजा बसवणाऱ्या त्या बाईने ही गोष्ट न वाचताच ओळखली होती, असे मी मानतो.

ह्याच ठिकाणी चित्रपटगृह आणि विद्यारण्यांची नृत्यशाळा यांतील भेद लक्षात येतो. चित्रपटगृहातला दीप प्रेक्षकांच्या पाठीमागे भिंतीआड असतो आणि आपला सारा प्रकाश पडद्यावर टाकतो. प्रेक्षक अंधारात राहावा, त्याला कोणी पाहू नये, त्याने मात्र सारे पाहावे, ही त्या कलेची मूळ अट आहे. मोटारीची काच हीच अट रस्त्यावर घेऊन येते. नृत्यशाळेतला दीप असा पक्षपात करीत नाही. त्याच्या उजेडात नर्तकीचे पाऊल जसे दिसते तसाच धन्याचा जांभई देणारा चेहराही दिसतो. साक्षित्व म्हणजे स्वतः अंधारात राहून जग पाहण्याची सवलत नव्हे. पाहणाऱ्याची हाव, त्याचा कंटाळा, त्याचे भय हे सारे ज्यात तितकेच स्पष्ट दिसते तो तो प्रकाश आहे. काचेमागचा प्रवासी अलिप्त दिसतो, पण तो फळ खाणाराच पक्षी आहे. फळ दृश्याचे आहे, एवढाच काय तो फरक.

मग मोटार चालवणाऱ्याचे काय? दिवसभरात माझ्या पुतण्याने प्रेक्षणीय म्हणावे असे फारच थोडे पाहिले. १९२३ साली डोंगरावर जमिनीच्या विक्रीची जाहिरात म्हणून उभारलेली ती प्रसिद्ध पांढरी अक्षरे दिसू लागली तेव्हा मी हात वर करून ती दाखवली, आणि तो म्हणाला, “काका, तुम्ही पाहा, मला पुढचा सायकलवाला दिसतोय तेवढा पुरे.” त्याची नजर आरशात, मग रस्त्यावर, मग पादचाऱ्यांच्या पट्ट्यांवर अशी फिरत होती; कशावरही ती रेंगाळत नव्हती आणि काहीही तिच्यातून सुटत नव्हते. कित्येकांना ही वृत्ती साक्षित्वाच्या फार जवळची वाटेल, आणि अनासक्तीचा अभ्यास म्हणून तिला मोल आहेही. तथापि वेदान्ताच्या दृष्टीने ते अवधानदेखील सारथ्याचे, म्हणजे बुद्धीचेच काम होय. त्याचे अवधान आणि माझी सुस्ती ही दोन्ही ज्या एका प्रकाशात कळतात तो प्रकाश ह्या दोहोंपैकी कोणाचीच कमाई नव्हे.

हॉलिवुड फ्रीवेच्या अगदी कडेला वेदान्त सोसायटीचे छोटे, पांढऱ्या घुमटांचे मंदिर आहे. ते १९३८ साली बांधले गेले. स्वामी प्रभवानंदांच्या सहवासासाठी ऑल्डस हक्स्ली आणि ख्रिस्तोफर इशरवुड तिथे येत असत, आणि इशरवुड यांनी स्वामींसह केलेले गीतेचे इंग्रजी भाषांतर १९४४ साली प्रसिद्ध झाले. आत बसले तरी वाहनांची घरघर थांबत नाही.

सायंकाळी मोटार मलहॉलंड ड्राइव्हच्या वळणांवर चढते, आणि खाली दिव्यांचे अफाट मैदान उघडते. पाहणारे तिथे थांबतात, पाहतात आणि निघून जातात. ज्या विल्यम मलहॉलंडच्या नावाने हा रस्ता १९२४ साली खुला झाला, त्या अभियंत्याने १९१३ साली २३३ मैलांच्या जलवाहिनीने ओवेन्स खोऱ्याचे पाणी ह्या नगराला आणून दिले. त्या पाण्यावर दिव्यांचे हे मैदान पसरले, आणि तिकडे ओवेन्स सरोवर आटून धुळीचा पट्टा झाला. १९२८ च्या १२ मार्चला सेंट फ्रान्सिस धरणाच्या रखवालदाराने गढूळ गळतीची वर्दी दिली म्हणून मलहॉलंड स्वतः धरणावर गेला, त्याने गळती डोळ्यांनी पाहिली, धोका नाही असा निर्वाळा दिला आणि तो परतला. त्याच रात्री बाराच्या सुमारास धरण फुटले आणि चारशेहून अधिक माणसे बुडाली. पुढे मृत्यूंच्या चौकशीत त्याने सबबी सांगितल्या नाहीत. मनुष्याच्या हातून चूक झाली असेल तर तो मनुष्य मीच, अशा आशयाची कबुली त्याने दिली. सकाळी गळती पाहणारा आणि चौकशीपुढे उभा राहणारा, दोघे एकच. पण दुसऱ्या वेळी उजेड धन्याच्या चेहऱ्यावरही पडलेला होता, आणि त्याने तो चुकवला नाही.

एक आक्षेप राहतो, आणि तो हलका नाही. साक्षीचे तत्त्वज्ञान माणसाला कोरडे करते, असे पुष्कळांचे म्हणणे आहे. आणि हॉलिवुडच्या बाजूच्या गल्ल्यांत, पुलांखाली, बेघरांचे तंबू ओळीने उभे असताना त्यांच्या शेजारून काच वर करून जाणाऱ्याने अलिप्ततेची भाषा बोलावी, हे ऐकवत नाही. परंतु काच दोघांना वेगळे करते, आणि वेदान्ताचा दावा तर असा आहे की तंबूतला मनुष्य ज्या प्रकाशात आपली भूक जाणतो, त्याच प्रकाशात मी माझे दृश्य जाणतो. दीप दोन नाहीत. विवेकानंदांनी वेदान्त व्यवहारात उतरला पाहिजे असे जे बजावून सांगितले, ते ह्याच सिद्धान्तातून; आणि काचेचा कोरडेपणा वेदान्ताच्या खात्यावर मांडणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

परतताना एका तंबूंच्या ओळीपाशी लाल दिव्याला मोटार थांबली, तेव्हा पुतण्याने सांगितले की बेघरांना घरे बांधून देण्यासाठी ह्या शहराने २०१६ साली मतदानाने १२० कोटी डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले, त्याची फेड घरपट्टीतून होते, त्यानेही त्या बाजूने मत दिले होते, आणि तरीही तंबू उठलेले नाहीत म्हणून पुढच्या वेळी कोणाला मत द्यावे याचा तो विचार करीत आहे. त्या ओळीतील एका तंबूपुढे बसलेला म्हातारा त्याला चेहऱ्याने ओळखीचा होता. मी विचारले तेव्हा पुतण्याने त्या म्हाताऱ्याविषयी जे काही माहीत होते ते सांगितले, आणि दिवसभर मांडीवर असलेला नकाशा मी घडी करून ठेवला, कारण ह्या रस्त्याविषयी जे विचारावयाचे होते ते त्यावर छापलेले नव्हते.