सरळ रेषेचा न्याय

शाळा सुटली कीं बीजगणित सुटलें, अशी आमच्या सुशिक्षित घरांतून एक सर्वमान्य समजूत आहे. चौकटींच्या कागदावर परीक्षेपुरत्या काढलेल्या रेषा पुढें कोणाच्या लक्षांत राहत नाहींत. आणि राहिल्याच तर एखाद्या जुन्या दुखण्याप्रमाणें आठवतात. गणित शिकविण्यांत आयुष्याचीं पुष्कळ वर्षें घालविलेल्या आम्हांस याचें वैषम्य वाटावें हें स्वाभाविक आहे. परंतु आज आम्ही गणिताचें वकीलपत्र घेऊन बसलों नाहीं. आम्हांस विचारावयाचा आहे तो प्रश्न नीतीचा आहे. एकाच मर्यादित सांठ्यांतून दोन गरजा भागवावयाच्या असतील, तर त्यांचा परस्परसंबंध आपण कोणत्या भाषेंत मांडावा? एकीला धनीण व दुसरीला दासी ठरवून, कीं दोघींना एका पाटावर बसवून? आणि भाषा बदलली म्हणजे न्यायहि बदलतो काय?

सरळ रेषा लिहिण्याच्या दोन रीती प्रसिद्ध आहेत. पहिलींत आपण म्हणतों कीं, 'य' म्हणजे ३ वजा 'क्ष'ची पाऊणपट. येथें 'क्ष' स्वतंत्र चल आणि 'य' परतंत्र चल. हीं नांवें ज्यानें प्रथम ठेविलीं त्याला राजकारण खास कळत असलें पाहिजे! 'क्ष'नें वाटेल तिकडे जावें आणि 'य'नें त्याच्या मागून फरफटत यावें, असा हा संसार. दुसरी रीत म्हणजे ३क्ष + ४य = १२. हिला सामान्य रूप म्हणतात. हिच्यांत दोन्ही अव्यक्तें एका पंक्तीला बसलेलीं आहेत. कोण कोणावर अवलंबून आहे याचा उच्चारहि नाहीं. दोघांनीं मिळून बारा भरावयाचे, एवढाच करार.

दोन्ही लेखांची रेषा एकच आहे, हें आम्ही जाणतों. एका रूपांतून दुसऱ्या रूपांत जाणें हें चौथ्या यत्तेच्या हिशेबापेक्षां फारसें अवघड नाहीं. तरी रेषा काढण्याची कृति मात्र दोहोंत निराळी होते, आणि विचार करण्यासारखें आहे तें येथेंच. पहिल्या रूपांत आपण एका बिंदूपासून निघतों व चढ-उताराच्या प्रमाणानें पावलें टाकीत जातों. सामान्य रूपांत आपण असें विचारतों: 'क्ष' मुळींच नसता तर? तर य = ३. आणि 'य' मुळींच नसता तर? तर क्ष = ४. उभ्या अक्षावर एक टिंब, आडव्या अक्षावर एक टिंब, आणि दोहोंवर पट्टी ठेवून ओढलेली एक रेघ. ताळा म्हणून क्ष = २ घ्यावा; य दीड येतो, आणि तो बिंदु मुकाट्यानें रेघेवर येऊन बसतो. उजव्या बाजूला शून्य असेल तर मात्र दोन्ही टिंबें मूलबिंदूंतच एक होतात, आणि मग दुसरा बिंदु शोधावा लागतो.

रेषेचा ठाव लागावा म्हणून प्रत्येक पक्षाची संपूर्ण अनुपस्थिति एकदा कल्पून पाहावयाची, ही रीत आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते. दोन्ही टोकें हीं वस्तुतः अन्यायाचीं टोकें आहेत. तेथें एकाला सर्व मिळतें व दुसऱ्याला कांहींच मिळत नाहीं. पण तीं निश्चित केल्यावांचून मधला प्रदेश दिसत नाहीं. तडजोड करावयास बसलेली माणसें बहुधा मध्यापासून आरंभ करतात, आणि टोकें न पाहिल्यामुळें मध्य कोठें आहे तेंच त्यांना कळत नाहीं.

उदाहरण घेऊं. रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यांत, राजपुरी खाडीच्या दक्षिण तीरावर दिघी हें बंदर आहे. समोर आगरदांडा, आणि खाडीच्या मुखाशीं तो जंजिरा, ज्याचें संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. दिघी आणि आगरदांडा यांच्यामध्यें जंगार चालतो. माणसें आणि मोटारी एकाच फळीवर उभ्या राहून खाडी ओलांडतात. खुष्कीनें जावयाचें तर म्हसळ्याकडून खाडीला भला मोठा वळसा. आतां समजा कीं, एका मोटारीचें वजन वीस माणसांइतकें आहे आणि जंगाराला दोनशें माणसांचें ओझें पेलतें. (आंकडे आमचे आहेत, बंदरावरील कोणीं ते मनावर घेऊं नयेत.) माणसें 'क्ष' व मोटारी 'य' मानल्या तर क्ष + २०य = २००. मोटार एकहि नसेल तर दोनशें माणसें. माणूस एकहि नसेल तर दहा मोटारी. या दोन टिंबांमधील रेघ म्हणजे भरलेल्या जंगाराची प्रत्येक शक्य स्थिति.

समीकरण येथवर निर्दोष आहे. एक मोटार चढली कीं वीस माणसें धक्क्यावर राहिलीं, हें तें स्पष्ट सांगतें. पण तो 'वीस' कोठून आला? तो तराजूनें दिला. आणि तराजूला वजनापलीकडचें कळत नाहीं. त्या मोटारींत मुरुडकडे न्यावयाचा रोगी असेल, तर तिचें मोल वीस राहतें काय? आणि मागें राहिलेल्या विसांत मासळीची पाटी घेऊन बाजार गांठावयास निघालेली कोळीण असेल, तर तिला 'एक' म्हणून मोजणें बरोबर काय? जंगाराच्या दृष्टीनें बरोबरच आहे. तो बुडूं नये एवढेंच त्याला पाहावयाचें आहे, आणि त्यासाठीं कोळीण व सावकार यांत त्यानें भेद करूं नये हेंहि न्याय्यच. अडचण उत्पन्न होते ती बुडण्यासंबंधींचें समीकरण आपण अग्रहक्कासंबंधीं वापरूं लागतों तेव्हां. सहगुणक हा एका विशिष्ट प्रश्नाचें उत्तर असतो. प्रश्न बदलून उत्तर तेंच ठेवणें ही लबाडी आहे, आणि ती आंकड्यांच्या आड फार सुरेख लपते.

याहून सूक्ष्म गोष्ट उजव्या बाजूच्या आंकड्याची. समुद्र खवळला म्हणून दोनशेंच्या जागीं दीडशेंचेंच ओझें घ्यावयाचें ठरलें, तर रेषेचा कल बदलत नाहीं. ती जशीच्या तशी, स्वतःशीं समांतर राहून, मूलबिंदूकडे सरकते. धक्क्यावरील माणसें मोटारवाल्यांशीं भांडतात तीं रेषेच्या अंगावर पुढें-मागें सरकण्यासाठीं. रेषाच कोणीं आणून ठेविली, दोनशेंच कां, दुसरा जंगार कां नाहीं, हें विचारणारा त्या गर्दींत क्वचित् सांपडतो. घरांतील भाऊबंदकीपासून सरकारी अंदाजपत्रकापर्यंत आम्हीं हेंच पाहिलें आहे. वाटणीवर रात्ररात्र वाद होतात, आणि एकूण बेरीज मात्र ब्रह्मलिखित समजली जाते.

दीडशेंच्या रेषेचें दुसरें टोंक साडेसात मोटारींवर येतें. साडेसात मोटारी! रेषा अखंड आहे. व्यवहार सुटा आहे. आमच्या पूर्वजांना ही गोष्ट पुरी ठाऊक होती. आर्यभटाच्या इ. स. ४९९ च्या ग्रंथापासून चालत आलेला कुट्टक हा अशा समीकरणांचीं पूर्णांकांतील उत्तरें काढण्याचाच विधि होय. भास्कराचार्यानें ११५० सालीं रचलेल्या 'सिद्धांतशिरोमणि'च्या बीजगणितांत दोन रत्नव्यापाऱ्यांचें उदाहरण आहे. एकाजवळ ५ माणकें, ८ नीळ, ७ मोत्यें आणि रोख ९०. दुसऱ्याजवळ ७ माणकें, ९ नीळ, ६ मोत्यें आणि रोख ६२. दोघांची संपत्ति समान, तर प्रत्येक रत्नाची किंमत काय? अव्यक्तें तीन आणि समीकरण एकच, म्हणून उत्तरें अनंत. त्या परंपरेंत अव्यक्तांना कालक, नीलक, पीतक अशीं रंगांचीं नांवें असत. एक रंग स्वतंत्र व दुसरा परतंत्र असें कोणी म्हणत नाहीं, हें आम्हांस फार आवडतें. याच भास्कराचार्याच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठीं त्याचा नातू चांगदेव यानें चाळीसगांवजवळ पाटण येथें मठ स्थापिल्याचा शिलालेख आहे. त्यांतील १२०७ सालचें दान ध्यानांत घेतलें म्हणजे हा विषय आमच्या मुलखाला किती जुना आहे हें कळतें.

परंतु या मंडळींनीं बिंदु शोधले. रेषा ओढली नाहीं. समीकरण म्हणजेच वक्र हा विचार रूढ झाला तो देकार्तच्या १६३७ सालच्या भूमितीनंतर. रायगड जिल्ह्यांतीलच नागांवचे केरो लक्ष्मण छत्रे यांनीं 'ग्रहसाधनाचीं कोष्टकें' रचलीं. कोष्टकांतहि मिळतात ते सुटे आंकडेच, आणि दोन ओळींमधील जागा वाचणाऱ्यानें भरावयाची असते. रेषेनें ती जागा भरून दिली, अव्यक्त व्यक्त झालें, आणि त्याचबरोबर एक मोहहि आला: रेषेवरील प्रत्येक बिंदु सारखाच राहण्याजोगा आहे असें वाटण्याचा.

हा मोह निरुपद्रवी नाहीं. २०२४ च्या ऑगस्टमध्यें केंद्र सरकारनें मंजूर केलेल्या १२ औद्योगिक नगरांत दिघीच्या नांवाचें एक आहे. क्षेत्र ६,०५६ एकर, आणि तें बंदराला लागून नव्हे, तर आंत माणगांव-तळा-रोह्याच्या बाजूस. कारखान्यांना गेलेली जमीन 'क्ष' आणि आहे तशी राहिलेली 'य' मानली तर क्ष + य = ६,०५६. यापेक्षां साधें समीकरण तें कोणतें? दोन्ही सहगुणक एक. म्हणजे भातखाचराचा एकर, वरकसाचा एकर आणि गुरचरणाचा एकर हे सारखे. आणि आज दिलेला एकर उद्यां परत घेतां येईल, कारण रेषेवरून दोन्ही दिशांनीं चालतां येतें. कोंकणांत राहिलेल्या कोणालाहि हें खरें वाटणार नाहीं. खाचराचे बांध बांधावयास पिढ्या लागल्या आहेत; तें बुजविलें म्हणजे बिंदु रेषेवरून एकाच दिशेनें सरकला. कारखाने नकोत असें आमचें म्हणणें नाहीं. तेथील मुलांनीं मुंबईच्या चाळींतच पोट कां भरावें? पण एक व एक हे सहगुणक कोणीं व कोणाला विचारून लिहिले, हें कागदावर कोठें तरी असावें.

कोणी म्हणतील, या सर्व दोषांना सामान्य रूप काय करील? फारसें कांहीं नाहीं. पण एक रेषा अशी आहे कीं जी केवळ त्यालाच लिहितां येते. 'य'चा सहगुणक शून्य करा: क्ष + ०य = ३. ही उभी रेषा. 'य' कितीहि वाढो वा घटो, 'क्ष' तीनावरून ढळत नाहीं. दोघांमध्यें देवाणघेवाणच नाहीं. जंगारावर ओझें कितीहि असो, जे खलाशी असावयास हवेत ते असावयास हवेतच. ती संख्या मोटारींच्या बदल्यांत कमी करतां येत नाहीं. ही रेषा पहिल्या रूपांत लिहा, असें आम्ही वर्गांत मुद्दाम सांगतों. हुशार मुलें लगेच 'य' एकटा करूं लागतात, शून्यानें भागण्यापाशीं येऊन थांबतात, आणि आमच्याकडे पाहतात.