आयत्या वेळचे विषय

सभेच्या विषयपत्रिकेत शेवटची ओळ ठरलेली असते: ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’. एका शिक्षणसंस्थेच्या कार्यकारिणीवर मी काही वर्षे होतो. पत्रिकेत आधी छापलेल्या विषयांवर तिथे तास तास खल होई, आणि माणसांच्या आयुष्यात खरा फरक पाडणारे ठराव या शेवटच्या ओळीतून आत शिरत. संध्याकाळची अभ्यासिका बंद करण्याचा ठराव असाच आला. विजेचे बिल वाढले होते, रखवालदार निवृत्त झाला होता, सगळ्यांना घरी जायचे होते. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. चार-पाच मिनिटे लागली असतील. हात वर करणाऱ्यांत मीही होतो. तिथे कोणती मुले येऊन बसतात, हे आमच्यापैकी एकानेही विचारले नाही.

आमच्यात वाईट माणूस कुणी नव्हता. त्या दिवशी हा ठराव पुढच्या सभेवर टाकला असता तर काहीही बिघडले नसते. पण विचार करणे हेही सभेचेच काम आहे, असे कुणाच्या मनात आले नाही.

नेत्याची धडाडी, तडफ, जागच्या जागी निकाल लावण्याची हातोटी यांचे आपल्याला फार कौतुक. थांबलेला माणूस आपल्याला कच्चा वाटतो. १९३०च्या जानेवारीत गांधी साबरमतीला असेच थांबले होते. लाहोरला पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला होता, २६ जानेवारीला देशभर प्रतिज्ञा घ्यायची होती. पण पुढे नेमके करायचे काय, हे ज्याने सांगायचे त्यालाच ठाऊक नव्हते. १८ जानेवारीला रवींद्रनाथ आश्रमात आले आणि त्यांनी हाच प्रश्न केला. रात्रंदिवस विचार करतो आहे, पण भोवतीच्या अंधारात उजेड दिसत नाही, असे गांधींनी त्यांना सांगितले. सारा देश तोंडाकडे पाहत असताना ‘मला अजून सुचलेले नाही’ असे म्हणता येणे, याचे मला दांडीच्या चिमूटभर मिठाइतकेच अप्रूप वाटते.

मग मीठ सुचले. जवळच्या सहकाऱ्यांनाही ते आधी पटेना. साम्राज्याशी झुंज द्यायची ती मिठावरून? पण त्या निवडीत किती गोष्टींचा विचार झाला होता! मीठ गरिबातल्या गरिबाच्या ताटात असते. त्याला जात नाही, धर्म नाही. समुद्रकाठी कायदा मोडायला शस्त्र लागत नाही, पैसा लागत नाही, दोन हात पुरतात. १९२२मध्ये चौरीचौऱ्याच्या हिंसेनंतर त्यांनी आंदोलन थांबवले होते, आणि लाखो लोक उतरूनही जे हातघाईवर येणार नाही असे काय असेल, हा प्रश्न तेव्हापासून त्यांच्यापाशी होता. १२ मार्चला ७८ सोबत्यांसह ते निघाले आणि ६ एप्रिलला दांडीच्या किनाऱ्यावर त्यांनी मीठ उचलले. असे उत्तर बैठकीत मतांची मोजणी करून निघत नाही. ते प्रश्न उराशी घेऊन बसलेल्या माणसाला सापडते.

सोमवारचे त्यांचे मौनही मला याच अंगाने महत्त्वाचे वाटते. ते लहरीवर नव्हते, सगळ्यांना माहीत होते. २ जून १९४७ रोजी, फाळणीची योजना समोर असताना, ते माउंटबॅटनना भेटले. वार सोमवार होता. गांधींनी जुन्या पाकिटांच्या पाठकोऱ्या बाजूंवर लिहून उत्तरे दिली, आणि व्हाइसरॉयला ती वाचावी लागली. कामातून वेळ उरला तर शांत बसू, असे म्हणणाऱ्याला तो वेळ कधीच मिळत नाही. बाजाराच्या वारासारखा तोही ठरवून जाहीर करावा लागतो.

मात्र मौनातून निघालेला प्रत्येक निर्णय बरोबरच असतो, असे मी म्हणणार नाही. १९२२च्या माघारीने तुरुंगातले मोतीलाल नेहरू आणि लजपतराय व्यथित झाले होते, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. आतल्या आवाजाशी दुसऱ्याला वाद घालता येत नाही, ही त्यातली अडचण आहे. म्हणून मला बाबासाहेबांची रीत अधिक जवळची वाटते. १३ ऑक्टोबर १९३५ला येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. नागपुरात धम्मदीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ला. मधली एकवीस वर्षे. वेगवेगळ्या धर्मांची बोलावणी येत होती, अनुयायी वाट पाहत होते, वय आणि प्रकृती साथ सोडत होती. ते वाचत राहिले, पारखत राहिले. दादरचे ‘राजगृह’ त्यांनी पुस्तकांसाठी बांधले होते. त्या एकांतात ते एकटे नव्हते. उलट प्रश्न करणारी हजारो पुस्तके सोबत होती. लाखो माणसांची श्रद्धा बदलायची होती, आणि त्यासाठी एकवीस वर्षे जास्त झाली असे मला वाटत नाही.

पूर आला, धरणाचे दरवाजे उघडायचे आहेत, तेव्हा डोळे मिटून बसता येत नाही, हे खरे. पण त्या क्षणी अधिकाऱ्याच्या हाती असते ते आधीच्या कोरड्या महिन्यांत केलेल्या विचाराचेच संचित.

बाबासाहेब शाळेत होते तेव्हा त्यांचे कुटुंब परळच्या चाळीत एका खोलीत राहत असे. दिवसभर त्या खोलीत अभ्यास होणे शक्य नव्हते. वडील, रामजी सुभेदार, स्वतः जागे राहत आणि रात्री दोन वाजता मुलाला उठवत, कारण घरात शांतता असायची ती तेव्हाच. हे मी फार पूर्वी वाचले होते. अभ्यासिकेच्या ठरावाला हात वर करताना ते आठवले नाही. पुढे कित्येक दिवसांनी, संध्याकाळी त्या बंद दारापाशी पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन बसलेली दोन मुले दिसली तेव्हा आठवले.