शनिवारची संध्याकाळ

(शास्त्रपाठ : प्रेषितांचीं कृत्यें १५:३६–४१)



लूक हा इतिहास लिहिणारा मोठा प्रामाणिक मनुष्य होता. त्याच्या मनांत असतें तर वरील सहा वचनें गाळून त्यास सरळ पुढच्या प्रवासाची हकीकत सांगतां आली असती. गाळण्यासारखें कारणही होतें. यरुशलेमांतील मोठी सभा नुकतीच आटोपली होती. विदेशी विश्वासणाऱ्यांविषयींचा बिकट प्रश्न सर्वांनीं एकचित्तानें सोडविला होता, आणि अंत्युखियाची मंडळी आनंदांत होती. अशा वेळीं, त्याच अध्यायांत, तो आपणांस सांगतो कीं पौल व बर्णबा हे दोन थोर सेवक एकमेकांशीं इतक्या जोरानें भांडले कीं त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. हा तंटा कोणत्याही सिद्धांताविषयीं नव्हता. प्रवासांत बरोबर कोणास न्यावें, एवढाच काय तो प्रश्न होता.

हीं दोन माणसें एकमेकांस किती जवळचीं होतीं हें ध्यानांत आणा. शौल प्रथम यरुशलेमास आला तेव्हां त्याच्या वाऱ्यासही कोणी उभें राहीना; कारण मंडळीचा छळ करणारा तो हाच, हें सर्वांस ठाऊक होतें. त्या वेळीं त्याचा हात धरून प्रेषितांपुढें कोणी नेलें? बर्णबानें. पुढें अंत्युखियांत काम वाढलें तेव्हां तार्सास जाऊन त्यास शोधून कोणी आणलें? बर्णबानेंच. वर्षभर दोघांनीं त्या मंडळींत शिक्षण दिलें, एकत्र समुद्र ओलांडला आणि एकत्र छळ सोसला. ज्याच्या नांवाचा अर्थच ‘बोधपुत्र’, त्याच्याशीं पौलाचें भांडण व्हावें, ही गोष्ट मला लहानपणीं खरीच वाटत नसे.

भांडणाचें मूळ मार्क म्हटलेला योहान. पहिल्या प्रवासांत हा तरुण पंफुल्यांतील पिर्गा येथून सोबत सोडून यरुशलेमास परत गेला होता. कां गेला तें लूक सांगत नाहीं. ज्यानें अर्ध्या वाटेवर काम टाकलें त्यास पुन्हा घेऊं नये, असें पौलाचें म्हणणें. त्यास पुन्हा घ्यावें, हें बर्णबाचें म्हणणें. आणि येथें एक गांठ आहे, तिच्याकडे माझ्या खेड्यांतल्या बंधूंनीं विशेष लक्ष द्यावें. मार्क हा बर्णबाचा भाऊबंद होता, हें कलस्सैकरांस पाठविलेल्या पत्रावरून कळतें. म्हणजे कामाच्या प्रश्नांत भावकी शिरली होती. आपल्याकडे दहांतले आठ तंटे असेच पेट घेतात. प्रश्न असतो शाळेच्या कौलांचा किंवा नाताळच्या वर्गणीचा, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहावें तों पंचांत दोन घराणीं समोरासमोर उभीं.

मग खरें कोणाचें? लूक निवाडा देत नाहीं. सेमिनरींत असतांना आम्हीं विद्यार्थ्यांनीं यावर एक अख्खी रात्र वाद घातला, आणि पहांटेपर्यंत आमच्यांतच दोन तट पडले! आज मला वाटतें कीं दोघांचेंही म्हणणें बरोबर होतें. काम विश्वासू माणसांच्या हातीं असावें हें खरें, आणि चुकलेल्यास पुन्हा उठण्याची संधि मिळावी हेंही खरें. सोबत्यांमधील तंट्यांत बहुधा असेंच असतें, आणि म्हणूनच ते मिटण्यास कठीण जातात. चोर आणि सावकार यांचा तंटा मिटविणें त्या मानानें सोपें.

परक्याशीं भांडण झालें तर मनुष्य वाट बदलतो. सोबत्याशीं झालें तर वाट तीच, उपासनामंदिर तेंच आणि रविवारही तोच. मग मनांतला विषय दुसऱ्याच दारानें बाहेर पडतो. मीं असे सेवक पाहिले आहेत कीं ते एकमेकांशीं अवाक्षर बोलत नाहींत, मात्र प्रार्थनेंत एकमेकांशींच बोलतात. एकानें म्हणावें, ‘प्रभो, हिशेबांत लबाडी करणाऱ्यांस सद्बुद्धि दे.’ दुसऱ्यानें पुढच्या रविवारीं म्हणावें, ‘प्रभो, दुसऱ्यांचे दोष शोधणाऱ्यांची दृष्टि निर्मळ कर.’ मंडळी ‘आमेन’ म्हणते, आणि दोन्ही प्रार्थना कोणासाठीं होत्या हें पोरासोरांसही ठाऊक असतें. बंधूंनो, देवाच्या कानाचा असा उपयोग करणें हें मला शिवीगाळीपेक्षांही वाईट वाटतें.

मी दुसऱ्यांचें सांगत बसलों, तर आतां माझेंही सांगतों. माझी दीक्षा होण्यापूर्वीं एका खेड्यांत मी प्रचारक होतों, आणि तेथील शाळेवर एक वयस्क मास्तर होते. मंडळीची बाजाची पेटी शाळेच्या कपाटांत असे व किल्ली मास्तरांकडे. शेजारच्या गांवीं कीर्तनासाठीं मला ती पेटी हवी होती. मीं निरोप पाठविला. उत्तर आलें, पेटी देतां येत नाहीं. पुन्हा निरोप पाठविला. पुन्हा तेंच उत्तर. माझ्या कीर्तनास लोक जमतात हें मास्तरांस पाहवत नाहीं, अशी मीं खूणगांठ बांधली. त्यांचें घर माझ्या घरापासून साठ पावलांवर होतें. तीं साठ पावलें मी गेलों नाहीं. दिव्याशीं बसून वरिष्ठांस चार पानी पत्र मात्र लिहिलें, आणि तें वाचून माझें मला फार समाधान वाटलें.

चौकशी झाली. कपाट उघडलें तेव्हां पेटीचा भाता उंदरांनीं कुरतडलेला दिसला. आपल्या ताब्यांत असतांना हें झालें, या लाजेनें मास्तर बोलत नव्हते; दुरुस्तीसाठीं ते आपल्या पगारांतून थोडेथोडे पैसे बाजूस ठेवीत होते. ही गोष्ट चारचौघांत उघड झाली ती माझ्या पत्रानें. त्यानंतर दीड वर्ष आम्ही एका गांवांत राहिलों. प्रभुभोजनाच्या वेळीं एका मेजाशीं बसत होतों, आणि बाहेर पडल्यावर दोन वाटांनीं घरीं जात होतों. पुढें त्यांची बदली झाली. कांहीं वर्षांनीं माझी आई वारली तेव्हां हे वृद्ध गृहस्थ रात्रभर प्रवास करून आले व त्यांनीं आईस खांदा दिला. कबरस्तानांतून परततांना मीं त्यांची क्षमा मागितली. ते एवढेंच म्हणाले, “अरे, पेटी हवी होती तर घरीं येऊन मला मागायची. वर कशाला मागितलीस?”

माझ्या हातून जें झालें नाहीं तें एके काळीं बंगाल्यांतील सेवकांच्या एका लहानशा कुटुंबानें नियम म्हणूनच ठरविलें होतें. विल्यम केरी, जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड हीं नांवें आपल्यापैकीं पुष्कळांनीं ऐकलीं आहेत. केरी मूळचे चांभारकाम करणारे, मार्शमन शाळामास्तर आणि वॉर्ड छापखान्याचे जाणते. इ. स. १८०० च्या आरंभीं हे तिघे श्रीरामपूर येथें एकत्र आले. तें शहर तेव्हां डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यांत होतें. मराठी माणसावर त्यांचे मोठे उपकार आहेत. केरींचें मराठी व्याकरण १८०५ सालीं त्याच छापखान्यांत छापलें गेलें, आणि मराठी नवा करार १८११ सालीं तेथूनच निघाला.

हीं सगळीं कुटुंबें एका मेजावर जेवीत व मिळकत एका पेटींत टाकीत. घरकारभार एक महिना एकानें पाहावा, पुढचा महिना दुसऱ्यानें, असें त्यांनीं ठरविलें. उपदेश व प्रार्थनाही पाळीपाळीनें होत. आणि याबरोबरच आणखी एक नियम होता. दर शनिवारची संध्याकाळ आपसांतील मतभेद मिटविण्यासाठीं राखून ठेवावी, आणि एकमेकांवर प्रीति करण्याचें वचन पुन्हा द्यावें. पाहा, ‘मतभेद झाल्यास’ असें ते म्हणाले नाहींत. ते होणारच, असें धरून त्यांनीं त्यासाठीं वारच नेमला. आठवडाबाजारास जसा वार असतो, तसा. मला यांत मोठें शहाणपण दिसतें. नेमलेला वार असला म्हणजे ‘मला तुमच्याशीं कांहीं बोलावयाचें आहे’ हे जड शब्द कोणास उच्चारावे लागत नाहींत. १८१२ च्या मार्च महिन्यांत त्यांचा छापखाना जळाला; अनेक वर्षांच्या श्रमाचे हस्तलेख आणि टाइप आगींत गेले. त्या आपत्तींत तिघे एकमेकांवर दोष न लोटतां पुन्हा कामास लागले. इतके शनिवार ते एकत्र बसले होते, त्याचें हें फळ असें मी समजतों.

परंतु त्यांच्या गोष्टीचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. लूकाप्रमाणें आपणही कांहीं लपवूं नये. पुढें इंग्लंडाहून तरुण मिशनरी आले. वडील मंडळी, विशेषतः मार्शमन, आपणांवर हुकमत गाजवितात असें त्यांस वाटूं लागलें, आणि ते निघून कलकत्त्यास वेगळें काम करूं लागले. इंग्लंडांत यांची बाजू समजून घेणारे चिटणीस अँड्र्यू फुलर १८१५ सालीं वारले. त्यानंतर मिळकत कोणाच्या नांवें असावी यावरून तेथील सोसायटीशीं वाद पेटला. येथें समोरासमोर बसणें नव्हतें. मध्यें समुद्र होता, पत्र पोहोंचण्यास महिनेच्या महिने लागत, आणि उत्तर येईपर्यंत राग दुप्पट होई. पुढें तर पत्रें पुरेनातशीं होऊन छापील पत्रकें निघालीं. १८२७ सालीं श्रीरामपूर व सोसायटी यांचा संबंध तुटला. तो पुन्हा जुळला १८३७ सालीं. तोंवर वॉर्ड आणि केरी कबरेंत गेले होते, आणि मार्शमनही त्याच वर्षीं वारले. तींच माणसें, तीच भक्ति. पण जो तंटा मेजावर आला तो मिटला, आणि जो कागदावर गेला तो माणसांपेक्षां अधिक जगला.

म्हणून माझ्या प्रचारक, शिक्षक व बायबलबाई यांस, तसेंच पंच व वडील यांस माझी विनंति आहे. आठवड्यांतील एक संध्याकाळ नेमा. शनिवारच पाहिजे असें नाहीं. पण उद्यां प्रभूचा दिवस आहे हें डोळ्यांपुढें असलें म्हणजे जीभ जरा संभाळते. मत्तयाच्या अठराव्या अध्यायांत प्रभूनें पहिली पायरी कोणती सांगितली? दोघांनींच एकांतीं बोलावें. तिसरा मनुष्य ही दुसरी पायरी, आणि मंडळी तिसरी. आपण उलट्या बाजूनें चढतों. प्रथम मंडळीस कळतें, मग साक्षीदार जमतात, आणि ज्याचा अपराध त्यास सर्वांच्या मागून कळतें. बसल्यावर हिशेबाची वही उघडी ठेवा. ‘तुम्ही असे आहां’ असें न म्हणतां ‘अमुक दिवशीं असें झालें’ असें म्हणा. आणि बोलणें पुरें होण्याआधीं प्रार्थना उरकूं नका. अर्धवट बोलणें झांकण्यासाठीं केलेली प्रार्थना ही न भरलेल्या जखमेवरच्या खपलीसारखी असते.

ज्यांस अधिकार आहे त्यांस आणखी एक शब्द. जोडींतला एक बैल अशक्त असला तर शहाणा शेतकरी काय करतो? त्यास चाबकानें मारून दुसऱ्याच्या बरोबरीस आणीत नाहीं. तो जूं थोडें सरकवून अशक्ताच्या बाजूची लांबी वाढवितो, म्हणजे ओझें आपोआप सशक्तावर अधिक येतें आणि जोडी सरळ चालते. वडील माणसानें, अधिक शिकलेल्यानें, ज्याचा पगार जास्त त्यानें, आपल्या बाजूचें जूं आंखूड करून घ्यावें. तरुण मिशनऱ्यांशीं वागतांना मार्शमनसारख्या थोर माणसाचेंही बहुधा येथेंच चुकलें असावें.

इतकें करूनही कांहीं तंटे मिटत नाहींत. पौल व बर्णबा वेगळे झाले. एक मार्कास घेऊन कुप्रास गेला, दुसरा सीलास घेऊन सूरिया व किलिकिया या प्रांतांतून फिरला. ‘पाहा, एकाचे दोन प्रवास झाले, काम वाढलें,’ असें सांगून मंडळ्या फोडणारे लोक मला भेटले आहेत. लूक तसें म्हणत नाहीं. पण वेगळे झाल्यावर त्या दोघांनीं काय केलें नाहीं तें पाहा. पौल आपल्या पत्रांतून बर्णबाची या भांडणाबद्दल निंदा करीत नाहीं. उलट करिंथकरांस लिहितांना, स्वतःच्या हातांनीं काम करून सुवार्ता सांगणारा आपला जोडीदार म्हणून तो त्याचेंच नांव घेतो. हें पत्र त्या तंट्यानंतर कांहीं वर्षांनीं लिहिलेलें आहे.

आणि मार्क? बर्णबानें त्यास सोडलें नाहीं. पुढें पौल कैदेंत असतां कलस्सैकरांस सांगतो कीं मार्क आला तर त्याचें स्वागत करा. फिलेमोनाच्या पत्रांत तो त्यास सहकारी म्हणतो. शेवटीं, मरण जवळ आलें असतां, बहुतेक सोबती पांगले असतां, तो तीमथ्यास पत्र लिहितो. हिंवाळ्यापूर्वीं ये. त्रोवसांत राहिलेला माझा झगा आण, पुस्तकें आण. आणि मार्कास बरोबर घेऊन ये, तो सेवेसाठीं मला उपयोगी आहे.