फेल गेलेला बोअर कुणाचा?

ऑफिसच्या कामासाठी कॅलिफोर्नियात होतो, तेव्हा एका रविवारी मोहावे वाळवंटातल्या डोंगरांत फिरायला गेलो. एका बोडक्या उतारावर माणूसभर उंचीचं भगदाड दिसलं. बाहेर फोडलेल्या दगडांचा ढीग, आत अंधार. कधीतरी कुणीतरी धातूच्या आशेने खणलं, आणि सोडून गेला. अमेरिकेच्या पश्चिम भागात असे खड्डे हजारोंनी आहेत.

त्यामागे १८७२ चा खाणकायदा आहे. सरकारी जमिनीवर धातू शोधा, हक्क सांगा आणि तो टिकवायला दरवर्षी १०० डॉलरचं काम दाखवा. जाताना खड्डा बुजवा, असं मात्र त्यात कुठेच नव्हतं.

ते भगदाड बघताना मला शिंदखेडा तालुक्यातलं आमचं वावर आठवलं. नानांनी तिथे साडेतीनशे फूट बोअर मारला. शेवटपर्यंत नुसती धूळ उडत राहिली. केसिंग पाइप दुसरीकडे कामाला येतो म्हणून उपसून नेला आणि तोंडावर एक दगड ठेवला. कर्ज फेडायला तीन वर्षं लागली. नाना पुढे त्या कोपऱ्याकडे फिरकेनासे झाले.

दगड कुणी सरकवला तर, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "एवढं नुकसान सोसलं, अजून काय करू?"

हे उडवून लावण्यासारखं उत्तर नाही. ज्याने कमावलं त्याने निस्तरावं, हे आपल्याला लगेच पटतं. पण ज्याच्या हाती काहीच लागलं नाही, त्याच्याकडे कुठल्या तोंडाने मागायचं? त्याला वाटतं, तोटा झाला तिथेच हिशेब मिटला. मिटतो तो त्याचा आणि सावकाराचा. वावरात खेळायला येणाऱ्या पोराचा त्या हिशेबाशी काय संबंध?

२००६ साली कुरुक्षेत्र जिल्ह्यात एक लहान मुलगा अशाच उघड्या बोअरमध्ये पडला. लष्कराने त्याला जिवंत बाहेर काढलं, सगळ्या देशाने ते टीव्हीवर पाहिलं. पुढे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निकामी बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडांनी भरायचा. पाणी लागलं होतं का, हे त्यात विचारलेलं नाही.

मला वाटतं, बुजवण्याचा खर्च खणण्याच्या खर्चातच धरायला हवा, मशीन वावरात येण्याआधी. फेल गेल्यावर माणसाकडे पैसा नसतो, आणि परत त्या जागी जायचं मनही होत नाही. नानांचा आळस नव्हता तो. त्यांना ते भोक बघवत नव्हतं.

गेल्या दिवाळीत आम्ही दोघांनी तो बोअर भरला. पाऊण ट्रॉली मुरूम लागला, दुपारपर्यंत काम झालं. नऊ वर्षं ते राहिलं होतं.