प्रतिस्पर्धी: वैरी की सोबती?

कोल्हापुरात फुटबॉल तालमींच्या आसऱ्याने वाढला. शिवाजी तरुण मंडळ शिवाजी पेठेचे, पाटाकडील तालीम मंडळ मंगळवार पेठेचे. राजर्षी शाहू स्टेडियमवर गाठ पडली की पेठांची ईर्ष्या पेटते. इथल्या पोराला संघ निवडावा लागत नाही, तो पेठेबरोबर जन्मतःच मिळतो. मग अशा निष्ठेचे नैतिक मूल्य काय? न निवडलेली निष्ठाही आचरणाने कमवावी लागते. आचरणाबाबत गीता कर्मावर अधिकार सांगते, फळावर नाही. पण गोलवर डोळा नसलेला फॉरवर्ड काय कामाचा? सोडायची ती आसक्ती, जिद्द नव्हे. विवेकानंदांनी १८९७ साली मद्रासच्या भाषणात तरुणांना गीतेआधी फुटबॉल सुचवला, तो बळासाठी. आणि प्रतिस्पर्धी? समोरचे अकरा नसतील तर सामनाच नाही; गॅलरीतल्या हाणामारीला यातले कोणतेच तत्त्व आधार देत नाही.