बांधावरची फेरी

अलिबाग-पेणच्या खाडीकाठचा शेतकरी उठला की आधी भरतीची वेळ बघतो. सह्याद्रीतून आलेली अंबा नदी इथे धरमतरच्या खाडीला मिळते. एकीकडून डोंगराचं पाणी, दुसरीकडून समुद्राचं; मध्ये मातीचा बांध आणि आत भात.

बांधाला उघाडी असते. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच तिची झडप मिटते; ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी तीच झडप ढकलून बाहेर पडतं. किती साधी, किती शहाणी रचना! पण खेकड्याचं एक बीळ बुजवायचं राहिलं, की उधाणात नेमकी तिथेच खांड पडते. खारं पाणी शिरलं, की भात गेला आणि जमीनही नासली.

पूर्वी गाव मिळून बांध राखत असे. घरटी एक माणूस, कुदळ, घमेलं. १९४८ साली खारजमिनींचा कायदा झाला, सरकारने भार उचलला. ते हवंच होतं. तरी बीळ दिसतं ते बांधावरून रोज चालणाऱ्यालाच, टाचेने चिखल दाबणाऱ्याला.

येत्या उधाणाआधी बांधावर एक फेरी मारा. पोरांनाही न्या, उघाडी मिटताना त्यांना बघू द्या.