ऐकणे आणि ऐकून घेणे

डोळ्यांना पापण्या आहेत, ओठ मिटता येतात. कानांना मात्र दार नाही. म्हणूनच ‘कानावर पडले’ असे आपण म्हणतो. जे आपोआप पडते त्याची जबाबदारी कोणावर? ऐकण्याच्या बाबतीत मनुष्याकडे काही नैतिक कर्तव्य उरते काय? या प्रश्नाचा विचार करताना प्रथम कानाचेच कार्य समजून घेणे आम्हांस इष्ट वाटते.

हवेतील कंपने कानाच्या पडद्यावर आदळतात. त्यामागे हातोडी, ऐरण व रिकीब या तीन हाडांची साखळी असते. जेमतेम ३ मिलिमीटरची रिकीब ही आपल्या देहातील सर्वांत लहान अस्थी. पडद्यावरील दाब या साखळीतून एका चिमुकल्या खिडकीवर एकवटतो आणि सुमारे २० पटींनी वाढतो. पलीकडे गोगलगायीच्या शंखासारखी वळणे घेतलेली, द्रवाने भरलेली नळी आहे. तिच्यातील सुमारे १५,००० केशपेशी कंपनांची दखल घेतात; उंच स्वरांची नळीच्या मुखाशी, खर्जाच्या स्वरांची टोकाशी. तेथून संदेश मज्जातंतूंवाटे मेंदूकडे जातो.

या नळीतून ध्वनीची लहर कशी धावते, हे जॉर्ज फॉन बेकेशी या हंगेरियन शास्त्रज्ञाने मृतांच्या कानांवर प्रयोग करून दाखविले व १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळविले. परंतु त्यांना दिसलेली लहर पसरट होती. जिवंत माणूस जवळजवळच्या दोन स्वरांत जो सूक्ष्म भेद करतो, त्याचा उलगडा तिच्यावरून होत नव्हता. कान स्वतःची शक्ती ध्वनीत मिसळत असला पाहिजे, असा तर्क टॉमस गोल्ड यांनी १९४८ सालीच मांडला होता. तो फारसा कोणी मनावर घेतला नाही. पुढे १९७८ साली लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी कानात इवलासा मायक्रोफोन ठेवला, तेव्हा निरोगी कानातून अतिमंद ध्वनी बाहेर येत असल्याचे आढळले. आज नवजात बालकांची श्रवणचाचणी याच आधारे घेतली जाते. केशपेशींपैकी बहुसंख्य पेशी आकुंचन-प्रसरण पावून क्षीण ध्वनीला बळ देतात. मोठ्या आवाजाला अशा साहाय्याची गरज नसते. इतकेच नव्हे, तर या पेशींकडे मेंदूकडूनही तंतू येतात.

शरीररचनेवरून नीतिनियम सिद्ध होत नाहीत, हे आम्ही जाणतो. तथापि ‘कान केवळ घेतो, आपण काय करणार?’ ही सबब मात्र येथे गळून पडते. मृत कानावर ध्वनी नुसता पडतो. जिवंत कान त्याला सामोरा जातो. मग ज्याला मन आहे, त्याने तर अधिकच सामोरे जावयास हवे. येथे बहिरेपणाला दोष देण्याचा हेतू नाही. कर्णबधिर व्यक्ती डोळ्यांनी किती एकाग्रतेने ऐकून घेतात! न ऐकणे हा दोष कानाचा नसून बहुधा इच्छेचा असतो.

माणसाच्या केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्यामुळे लग्नमंडपातील कर्णकर्कश ध्वनिवर्धक शेजाऱ्याचे जे हिरावून घेतो, ते परत देता येत नाही. वयोमानानेही प्रथम उंच स्वर हरपतात. ‘स’, ‘श’ यांसारखी व्यंजने पुसट होतात. घरातील वृद्धाला कोणी बोलत आहे हे कळते, काय बोलत आहे ते कळत नाही. जेवताना सारे हसतात. आजोबा विचारतात, ‘काय झाले रे?’ आणि उत्तर मिळते, ‘काही नाही.’ या दोन शब्दांनी एक माणूस आपल्याच घरात परका होतो. त्याच्यासमोर बसून, सावकाश, तोच विनोद पुन्हा सांगावयास असा कितीसा वेळ लागतो?

हलक्या कानाचा माणूस चहाडी तत्परतेने ऐकतो आणि गरजूची विनवणी कानाआड करतो. आपल्या कानातील पेशींची रीत नेमकी उलटी आहे: जो आवाज क्षीण, त्यालाच त्या बळ देतात. ऐकणे देहाला मिळालेले आहे. ऐकून घेणे मात्र आपणांस रोज शिकावे लागते.